अर्जंट

खोर फक्कानला भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत
आमची लाँड्री. हमदुले चाचा आणि मी.
दारातून समुद्र दिसत नाही,
पण गच्चीवर चादरी वाळत घालायला गेलं
की नांगर टाकलेली जहाजं मोजता येतात.
परवा अठरा होती. आज एकतीस.
पुढे कुणीच सरकत नाही.

आम्हाला बातमी खिशांतून कळते.
आठवड्याला दोन गणवेश टाकणारी पोरं
आता पाच टाकतात, पावतीवर 'अर्जंट' लिहून घेतात
आणि खिसे रिकामे करायला विसरतात.
खजुराच्या बिया. पेट्रोलचं बिल.
एकात लहान मुलीचा चाप निघाला, दात तुटलेला.
तो मी गल्ल्याच्या कप्प्यात ठेवलाय.

मंगळवारी त्या तेलाच्या जहाजाला भोक पडलं.
कुणी पाडलं, ते अजून कुणी म्हणत नाही.
सरकार म्हणालं, आम्ही संयम राखू.
त्या रात्रीपासून कुंजुमोनच्या टपरीवर
गिऱ्हाइकं कमी आणि सेनापती जास्त.
शाळेतले मिसरी मास्तर म्हणाले,
गाल चोळत बसणाऱ्याला दुसरीही बसते.
हार्डवेअरवाला म्हणाला, लढाईनं नाही,
वाट बघण्यानं धंदा बुडतो.
टॅक्सीवाला जरघून, ज्यानं खरीखुरी लढाई पाहिलीय,
बशीतला चहा फुंकत राहिला
आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.
समोरच्या बंगल्यातली मारिसेल
टाकलेले चार पडदे न धुताच परत घेऊन गेली.
तिचं मत तेवढंच.

कुडाळहून भावाचा फोन.
'तुमचे लोक शेपूट घालतात रे. एकदा ठोकायलाच हवं.'
म्हटलं, माझ्या खोलीची खिडकी
कुठल्या बाजूला उघडते, माहितीय तुला?
म्हणाला, आवाज तुटतोय.

घरी सगळे हसतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस म्हणून.
भाकऱ्या नाही, बाबांनो. कॉलर.

पण खोटं कशाला बोलू.
रात्री दोनला विमानं घरघरत गेली,
एसी बंद पडलेला, अंगाखाली चादर ओली,
आणि मलाही वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.
वाट बघून बघून माणसाला
आगसुद्धा सोबतीसारखी वाटायला लागते.
सकाळी चाचाच्या तोंडाकडे बघवेना.

चाचा मत देत नाही.
नव्वदच्या ऑगस्टात त्याचं दुकान कुवेतला होतं.
बसमध्ये चढताना हातात एक पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक.
हँगरवर त्रेसष्ट नग राहिले. धुतलेले, इस्त्री झालेले.
ते पुस्तक अजून त्याच्या पेटीत आहे.
कधीमधी काढतो, नावं वाचतो,
एका निळ्या सुटापाशी थांबतो.
'देणं आहे,' एवढंच म्हणतो.
मी नवीन होतो तेव्हा त्यानं शिकवलं होतं:
तापलेली इस्त्री कापडावर टेकवायला काही लागत नाही,
ती स्वतःच्या वजनानं बसते.
उचलून धरायला मनगट लागतं.
तेव्हा मला वाटलं, इस्त्रीबद्दलच बोलतोय.
कदाचित इस्त्रीबद्दलच बोलत असेल.

काल तटरक्षक दलातला सुहैल आला.
एक गणवेश, एक पांढरा कंदुरा.
गुरुवारी धाकट्या भावाचं लग्न.
'दोन्ही गुरुवारीच?'
'जे आधी लागेल ते,' तो म्हणाला,
हसला, मग हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.
चाप त्याला दाखवला. त्याचा नव्हता.

रात्री शटर ओढायच्या आधी
चाचानं कंदुरा दाराजवळच्या खुंटीला लावला,
बाहीची घडी दोनदा नीट केली.
गणवेश नेला आत,
हॉटेलच्या रजयांच्याही मागे,
शोधायला जरा वेळ लागेल
अशा जागी.